इलेक्ट्रिकवाले जावई

शालिग्राम आप्पांचा ट्रॅक्टर सुरतच्या डिंडोलीत शिरला तेव्हा योगिता नळावर भांडी घासत होती. आवाजावरूनच तिनं ओळखला. तो विलायती ट्रॅक्टर तिच्या जन्माआधीपासून माहेरी होता. आप्पांनी तो एका बागायतदाराकडून जुनाच घेतलेला. गावात त्यानंतर नवे ट्रॅक्टर आले, पण आप्पा रोज सकाळी फडकं घेऊन हाच पुसत बसायचे. सुरतला न्यायचा म्हणून त्यांनी या वेळी त्याचा पत्रा खोलून स्वतःच्या हातानं लालभडक रंग दिला होता.

सत्त्याण्णव सालचे थंडीचे दिवस होते. डिंडोलीच्या पुढच्या शेतांमध्ये नव्या सोसायट्यांचे प्लॉट पडत होते आणि खोलगट जागा मातीनं भरून घ्यायचं काम जोरात चाललं होतं. मातीच्या ठेकेदारानं साक्रीकडचे बरेच ट्रॅक्टर बोलावले होते. आप्पाही ट्रॉली जोडून नवापूर, व्यारा करत, वाटेत एक मुक्काम टाकून आले. मुक्काम साइटवरच, ट्रॉलीत. लेकीच्या घरी पथारी टाकायची नाही हा त्यांचा नियम. संध्याकाळचं जेवण मात्र तिच्याकडे.

पहिल्याच जेवणाला ते जावयाला म्हणाले, "जावईबुवा, तुमच्याजोगं एक काम आहे."

लखननं मान वर केली.

"चार्जिंगचा लाल दिवा विझत नाही. इंजिन कितीही रेस करा, तो आपला पेटलेलाच. सकाळी बॅटरी उतरलेली असते. रोज उतारावर लावतो आणि चार माणसांकडून ढकलून घेतो. नवापूरचा मेकॅनिक म्हणाला, डायनामो गेला, बदला. मी म्हटलं, हात लावू नको बाबा. माझा जावई सुरतला इलेक्ट्रिकचाच मिस्तरी आहे."

 योगितानं बापाच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली आणि म्हणाली, "बघतील ना, आप्पा. रविवारी सुट्टी असते त्यांना."

"सुट्टी? दुकान स्वतःचंच ना?"

"म्हणजे, रविवारी बंदच असतं दुकान."

"बरोबर आहे," आप्पा म्हणाले. "माणसाला विश्रांती पाहिजेच. एकदा दुकान दाखवा मला, जावईबुवा."

दुकान नव्हतं. लखन उधन्याला एका लूमच्या कारखान्यात माग चालवायचा, लग्नाच्या आधीपासून. त्याआधी काही महिने तो एका ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात बॅटऱ्या धुवायला आणि त्यांत पाणी भरायला होता. तेवढ्यावरून स्थळ सुचवणाऱ्या योगिताच्या मामानं सांगून टाकलं, की मुलगा सुरतला इलेक्ट्रिकच्या कामात आहे. लखन त्या बैठकीत मान खाली घालून बसला होता, आणि सगळ्यांना तो लाजतोय असं वाटलं.

योगिताला खरं कळलं ते सुरतला आल्यावर. नवरा पाळीवरून आला तेव्हा त्याच्या भुवयांवर, कानांत सुताचे पांढरे तंतू होते. तिला रडू आलं नाही, पण माहेरी कोणी विचारलं तर काय सांगायचं हा विचार पहिला आला. पुढं पहिल्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी गेली तेव्हा मैत्रिणींनी विचारलं. बाजूला थोरली बहीण बसली होती. तिच्या नवऱ्याची गावातच विहिरीची जमीन होती. योगिता म्हणाली, "दुकान आहे त्यांचं. हाताखाली माणूस आहे." मामानं अर्धवट ठेवलेलं तिनं पुरं केलं. त्याच आठवड्यात लखन तिला न्यायला आला आणि आप्पांच्या ट्रॅक्टरचा बंद पडलेला भोंगा त्यानं सुटलेली वायर खोचून चालू करून दिला. मग गावात कोणाला शंका राहिली नाही.

आप्पा साइटवर गेले तसा लखन म्हणाला, "उद्या सांगून टाकू."

"आणि त्यांना काय वाटेल?"

"आज वाटेल त्यापेक्षा नंतर जास्त वाटेल."

"बॅटरीचं काम तुम्ही केलंय ना? मग बघा तरी. साधंच काहीतरी निघेल, भोंग्यासारखं."

"योगिता, भोंगा वेगळा. चार्जिंग वेगळं. मला त्यातलं काही येत नाही."

"एवढं एकदा करा. ते काम संपवून गेले की परत कोण विचारतंय?"

 लखन तिला कधी फार विरोध करत नसे. लग्नात तिची फसवणूक झाली असं त्याला मनातून वाटायचं, आणि हे योगितालाही ठाऊक होतं. त्या दिवशी तिनं ते वापरलं.

रविवारी सकाळी लखननं बॅटरी सोडवली, सायकलच्या कॅरिअरवर बांधली आणि उधन्याच्या ओळखीच्या बॅटरीवाल्याकडून चार्ज करून आणली. योगिता चहाची किटली घेऊन साइटवर पोचली तेव्हा तो ट्रॅक्टरवर वाकून टर्मिनल घासत होता. बाकीचे ट्रॅक्टरवाले उन्हाला बसून बघत होते. आप्पा त्यांना सांगत होते, "आता बघा. नवापूरचा डायनामो बदलायला निघाला होता."

लखननं डायनामोचा पट्टा दाबून बघितला. तो घट्ट होता. डायनामोपासून, त्याचा करंट बॅटरीकडे सोडणाऱ्या कटआउटच्या डबीपर्यंत गेलेल्या वायरी त्यानं ओढून बघितल्या. त्याही घट्ट होत्या. मग डबीचे बोल्ट आवळून त्यानं बॅटरी जागेवर ठेवली.

"होती तशीच लावताय ना?" आप्पांनी विचारलं.

"हो मामा. मायनस बॉडीला." सासऱ्याला तो मामाच म्हणायचा.

त्यानं आजवर पाहिलेल्या सगळ्या गाड्यांना मायनसच बॉडीला असायचं. काढताना कुठली तार कुठं होती, हे त्यानं बघून ठेवलं नव्हतं.

आप्पा सीटवर बसले आणि सेल्फ मारला. इंजिन एका झटक्यात चालू झालं. किती दिवसांनी ढकलल्यावाचून चालू झालं म्हणून ते हसले आणि त्यांनी योगिताकडे बघितलं. तिलाही हसू आलं. मग त्यांनी इंजिन रेस केलं. डायनामोनं जोर धरला आणि कटआउटच्या डबीतून चरचर आवाज आला. निळा धूर निघाला, आणि बघता बघता डबीपासून पॅनलपर्यंतच्या वायरीचं रबर वितळून टपटप खाली पडायला लागलं.

लखन जागच्या जागी उभा राहिला. त्याच्या हातात पाना होता, पण काय करायचं हे त्याला सुचत नव्हतं. आप्पांनी इंजिन बंद केलं, खाली उडी घेतली आणि बॅटरीवरची तार नुसत्या हातानं उपटून काढली. तापलेली तार तळव्याला चिकटली.

बसलेल्यांपैकी एकजण म्हणाला, "हा कुठला मिस्तरी?"

काहीजण हसले. योगिताच्या हातात किटली तशीच होती.

"वायरिंग केवढं जुनं आहे," आप्पा त्या माणसाकडे वळून म्हणाले. "कोणाच्याही हातून जळलंच असतं. मीच आधी बदलायला पाहिजे होतं." मग तळवा धोतराला पुसत ते लखनकडे गेले. "जावईबुवा, तुम्हाला लागलं तर नाही ना? या, सावलीला बसा. योगिता, यांना पाणी दे आधी."

दुपारी ठेकेदार आला. ट्रॅक्टर बंद का म्हणून विचारायला लागला, तेव्हाही आप्पांनी तेच सांगितलं. वायरिंग जुनं, चूक माझी. लखन चार हातांवर उभा राहून ऐकत होता. त्याच्याकडे बघायची योगिताला हिंमत झाली नाही.

संध्याकाळी आप्पा जेवायला आले. उजव्या तळव्याला फोड आले होते, म्हणून डाव्या हातानं जेवत होते. लखन मलम आणायला बाहेर गेला होता. डाव्या हातानं घास नीट तुटत नव्हता. योगिताला ते बघवेना. तिनं भाकरी कुस्करून दूध ओतलं आणि वाटी पुढं ठेवता ठेवता म्हणाली, "आप्पा, त्यांचं दुकान नाहीये."

आप्पांनी वर बघितलं.

"ते लूमवर जातात. लग्नाच्या आधीपासून. इलेक्ट्रिकचं त्यांना येत नाही."

बापलेक एकमेकांशी अहिराणीतच बोलत. आप्पांनी हळूच विचारलं, "मंग दुकान कोणी सांगं?"

"मी सांगितलं. आखाजीला. मामानं अर्धं सांगितलं होतं, बाकीचं मी सांगितलं. त्यांनी तोंडानं कधीच सांगितलं नाही. ते काल-परवासुद्धा सांगून टाकू म्हणत होते. मीच त्यांना ट्रॅक्टरला हात लावायला सांगितलं."

आप्पांनी वाटी बाजूला सारली. बाहेर शेजारच्या खोलीतल्या पोरांची गुजराती पाढे म्हणायची घाई चालली होती. ते म्हणाले, "तू माले पहिले काबर नही सांगं?"

आधी का सांगितलं नाही, याचं उत्तर तिच्याजवळ होतं. लूमवरचा नवरा सांगायची लाज वाटत होती, हेच ते उत्तर. आणि तोच नवरा आज पंधरा माणसांसमोर तिच्यामुळं हसं होऊन उभा राहिला होता.

"थोरल्या जावयाला मी चारचौघांत बोललो," आप्पा स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. "म्हटलं, शेतात राबून काय मिळवलंत, धाकट्याकडे बघा. तो बिचारा ऐकून घेऊन निघून गेला. तेव्हापासून आमच्या पायरीला आला नाही."

हे तिला माहीत नव्हतं.

लखन मलम घेऊन आला. दारातच दोघांचे चेहरे बघून त्याला सगळं समजलं. चप्पल न काढता तो म्हणाला, "मामा, माझं चुकलं."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही कधी काही म्हणालाच नाहीत." आप्पा उठले. त्यांनी मलमाची डबी घेतली, खिशात घातली आणि साइटवर निघून गेले. वाटीतलं दूध तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी लखननं अर्धी पाळी बुडवली आणि बॅटरीवाल्यानं सांगितलेल्या छगन मिस्तरीला सायकलवर डबलसीट बसवून आणलं. छगन मूळचा सुरतचाच, वयस्कर, हिंदी-गुजराती मिसळून बोलणारा. जुन्या ट्रॅक्टर-ट्रकांची वायरिंग करण्यात त्याचा जन्म गेला होता. योगिता जेवणाचा डबा घेऊन आली तेव्हा तो जळलेली डबी हातात धरून उभा होता.

"जुन्या विलायती गाडीचं प्लस बॉडीला असतं," तो म्हणाला. "बॅटरी उलटी लागली की बॅटरी आणि डायनामो मिळून डबीला खाऊन टाकतात. कोणी लावली?"

लखननं तोंड उघडलं, पण आप्पा आधी बोलले. "मी. घाईत."

छगननं मान हलवली. भंगारबाजारातून त्यानं तशीच जुनी डबी मिळवून आणली होती. ती लावायच्या आधी तो म्हणाला, "पहिले बघू, डायनामो जिवंत आहे का." त्यानं डायनामोच्या दोन्ही वायरी काढल्या, दोन्ही टोकं तारेच्या तुकड्यानं एकमेकांना जोडली आणि तिथून बॉडीला एक बल्ब लावला. बल्ब धरायला लखन पुढं झाला. इंजिन हळू फिरू लागलं आणि बल्ब पेटला. चांगला लख्ख पेटला.

"डायनामोला काही झालेलं नाही. मग आधीपासून दिवा का विझत नव्हता?" छगन डबीच्या जागेकडे वाकला. डबी बसायची त्या पत्र्यावर, बोल्टाच्या भोकांभोवती, लाल रंगाचा जाड थर होता. त्यानं पेचकसानं तो खरवडला. "हे बघा. डबीला बॉडीचं अर्थिंग मिळतं ते इथून. मध्ये रंग आला. अर्थिंग नाही, म्हणून कटआउट उचलत नव्हता, आणि डायनामोनं केलेला करंट बॅटरीपर्यंत जातच नव्हता. कोणी बोल्ट आवळले तेव्हा तेवढं अर्थिंग मिळालं, आणि उलट्या बॅटरीनं डबी जळली. कोणी दिला हा रंग?"

"तोही मीच," आप्पा म्हणाले.

बसलेले लोक पुन्हा हसले. आप्पांनी मान खाली घातली. आदल्या दिवशी जावयासाठी खोटं बोलताना ती खाली गेली नव्हती. एवढासा पत्रा खरवडला असता तर काम झालं असतं, आणि आपण नवापूरपासून सुरतेपर्यंत जावयाचं नाव सांगत आलो, असं काहीसं त्यांच्या मनात आलं असावं. योगिताला तरी तसं वाटलं.

छगननं पत्रा चकचकीत घासला, डबी बसवली, वायरी नव्या ओढल्या आणि बॅटरीचं प्लस बॉडीला लावलं. इंजिन चालू करण्याआधी त्यानं बॅटरीतून एक तार डायनामोच्या टोकाला क्षणभर टेकवली, बारीक ठिणगी उडाली. "एवढं झाल्यावर डायनामोला करंटची दिशा परत दाखवून द्यावी लागते," तो लखनला म्हणाला. आप्पांनी इंजिन रेस केलं आणि पॅनलवरचा लाल दिवा विझला.

आप्पांनी नुसती मान हलवली. पुढं महिनाभर ते साइटवर होते. रोज जेवायला यायचे, लखनशी मातीच्या खेपांचं, हवेचं बोलायचे. दुकानाचा विषय निघाला नाही आणि लूमचाही निघाला नाही. काम संपलं तसे ते ट्रॅक्टर घेऊन गावी गेले.

फाल्गुनात एका दुपारी दारात हिलाल उभा राहिला. हिलाल म्हणजे आप्पांच्या शेजारच्या मळ्यातला, तिच्या भावासारखाच. त्याच्या खांद्यावर गोणी होती. गोणी त्यानं उंबऱ्यात ठेवली तशी आत लोखंड वाजलं.

"माझ्या ट्रॅक्टरचा डायनामो आहे," तो पाणी पिऊन म्हणाला. "आपल्याकडे कोणाला कळेना. आप्पा म्हणाले, सुरतला जा. सगळे म्हणत होते डायनामो बदला, पण जावयानं एका दिवसात दिवा विझवून दिला. परवा पारावर सगळ्यांना सांगत होते. थोरले जावई पण होते बसलेले. पाव्हणे दुकानावर असतील ना? मी तिकडेच जातो."

योगिता दाराची चौकट धरून उभी राहिली. बापानं असं का सांगितलं असेल, हे तिला लगेच कळलं. गावभर ज्याचं कौतुक करत आले, तो लूमवर जातो हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्यातून थोरले जावई समोर बसलेले. तिनं आखाजीला जे केलं तेच आता म्हाताऱ्या माणसानं पारावर केलं होतं. हो म्हणावं, गोणी ठेवून घ्यावी, छगनकडून डायनामो करून आणावा आणि हिलालला परत पाठवावं. कोणाला काही कळलं नसतं. तिच्या जिभेवर ते आलंही होतं. पण मग पुढचा कोणीतरी येईल, त्याच्यापुढचा येईल, आणि प्रत्येक वेळी लखन पाना हातात धरून तसाच उभा राहील.

"ते लूमवर गेलेत," ती म्हणाली. "त्यांचं दुकान नाहीये. माग चालवतात ते. आप्पांचा ट्रॅक्टर छगन मिस्तरीनं केला. उधन्याला असतो, मी पत्ता सांगते."

हिलाल म्हणाला, "मग आप्पा म्हणाले ते…"

"सुरुवात मी केली होती. आप्पांना खरं सांगायला जड गेलं असेल."

हिलालनं गोणीचं तोंड पुन्हा बांधलं. चहा ठेवते म्हणाली तर नको म्हणाला, मग बसला, पण कप अर्धाच घेतला. जाताना तो नजर चुकवत होता, जणू त्यानंच काही चोरलं होतं.

संध्याकाळी तिनं लखनला सांगितलं.  तो म्हणाला, "मामांचं नाव मध्ये यायला नको होतं."

"तुम्हीच सांगून टाकू म्हणत होता ना?"

"ते माझ्याबद्दल. या वयात त्यांच्यावर लोक हसतील."

तिला वाटलं होतं, खरं बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. नवऱ्याला वाचवताना बापाला उघडं पाडलं, एवढंच तिला रात्रंदिवस आठवत राहिलं. तिनं एकदा गावच्या फोनवर आप्पांना बोलवायचं ठरवलं, एसटीडीच्या बूथपर्यंत गेली, रांगेत उभी राहिली आणि नंबर न लावताच परत आली.

आखाजी जवळ आली. लेकीला न्यायला माहेरचं कोणीतरी यायचं, ती दरवर्षी वाट बघायची. या वर्षी कोणी येईल असं तिला वाटत नव्हतं. पण आप्पा आले, एसटीनं, हातात पिशवी घेऊन. तळव्यावर जळल्याचा पांढरट डाग होता.

ते खाटेवर बसले. तिनं पाया पडून पाणी दिलं. इकडचं तिकडचं झालं. मग तेच म्हणाले, "हिलालनं येऊन पारावर सांगितलं."

 "आप्पा, माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता."

"लोक खूप हसले. थोरले जावई तेवढे हसले नाहीत. उठले आणि मला घरी सोडायला आले. मी त्यांना म्हटलं, मी तुम्हाला नको ते बोललो. तर ते म्हणाले, असू द्या."

"तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

"रागावलो होतो. दोन-चार दिवस बाहेरच पडलो नाही. मग वाटलं, पोरीला तरी कोणत्या तोंडानं बोलू?"

 तेवढ्यात लखन आला. केसांत, मिशीत सूत होतं. सासऱ्याला बघून तो दारातच थबकला आणि घाईघाईनं तोंडावरून हात फिरवून ते झटकायला लागला.

"राहू द्या," आप्पा म्हणाले. ते खाटेवर थोडे सरकले. "पाळी सुटली का? बसा."

लखन टोकावर बसला.

"एका माणसाकडे किती माग असतात हो?"

लखननं सांगितलं. दिवसभर मागांच्या खडखडाटात राहून त्याला मोठ्यानं बोलायची सवय झाली होती. घरात तो मुद्दाम आवाज खाली ठेवायचा, पण तेव्हा विसरला. आप्पांनी पुढचं विचारलं, धागा तुटला की कळतं कसं. तो सांगत राहिला. योगितानं चहाचं आधण ठेवलं आणि त्यांच्याकडे पाठ करून ते उकळेपर्यंत तशीच उभी राहिली.